बाद झालेलं मूल कुठे बसतं? पहिली-दुसरीला खेळातून हालचाली शिकवताना

प्रश्न असा आहे: "मी यंदाच जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. पहिली-दुसरी एकत्र, पट ३८. मैदान लहान, मुरमाड. साहित्य म्हणजे दोन चेंडू, एक दोरी आणि शिट्टी. मोकळं सोडलं की नुसती पळापळ, रांगेत उभं केलं की मारामारी. पळणं, उड्या, फेकणं, झेलणं खेळातून शिकवा असं सांगितलं जातं, पण खेळ घेतला की चपळ मुलंच खेळतात आणि बाकीची बसून राहतात. आधी कौशल्य शिकवू की आधी खेळ घेऊ?"

ताई, "बाकीची बसून राहतात" हे तुम्ही लिहिलंत, तिथूनच सुरू करू. माझ्या मते हाच मूळ दुखण्याचा भाग आहे. बाकी सगळं त्यातून सुटत जातं.

मी सव्वीस वर्षं सातारा जिल्ह्यात प्राथमिकच्या मुलांना शिकवतोय. सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही खेळ जसेच्या तसे घेत होतो. लंगडी म्हटलं की लंगडी, पाय टेकला की बाद, बाद झालं की कट्ट्यावर. दुसरीत एक मुलगी होती. दर वेळी पहिल्या दोन-तीनांत बाद व्हायची आणि लिंबाखालच्या कट्ट्यावर बसून चिंध्यांच्या टोकांशी खेळत राहायची. शांत मुलगी, तक्रार नाही, म्हणून माझं लक्ष जायचं नाही. मार्चमध्ये नोंदी लिहायला प्रत्येकाला एकेकटं लंगडायला लावलं, तेव्हा तिला डाव्या पायावर सलग तीन उड्याही मारता येईनात. वर्षभर तिला लंगडीच्या तासाला घेतलं होतं, पण तिच्या वाट्याला दर तासाला जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट लंगडी आली होती. जिला सर्वांत जास्त सरावाची गरज, तिलाच मी सर्वांत आधी बसवत होतो. हे लक्षात आलं त्या दिवसापासून पहिली ते तिसरीच्या खेळांतून मी "बाद" हा शब्द काढून टाकला.

रांगेचंही तेच. हिशेब करून बघा. तास ३५ मिनिटांचा. वर्गातून मैदानावर येण्यात आणि परत जाण्यात दहा मिनिटं जातात, उरली २५. एक चेंडू, एक रांग, प्रत्येकाला १५ सेकंद धरले तर २५ मिनिटांत १०० पाळ्या होतात. ३८ मुलांत वाटल्या तर प्रत्येकाला अडीच. अख्ख्या तासात अडीच वेळा चेंडू फेकून कुणाला फेकायला येईल? आणि उरलेली २४ मिनिटं रांगेत उभं राहिलेलं सहा वर्षांचं पोर पुढच्याला कोपर मारणार नाही तर काय करणार? तुमच्याकडची मारामारी ही शिस्तीची अडचण नाही. पाळी येत नाही, त्याची ती अडचण आहे.

बरेच जण म्हणतात, पोरं खेळता खेळता आपोआप शिकतात. पळण्यापुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण लंगडणं, खांद्यावरून फेकणं, नुसत्या हातांनी झेलणं ही कौशल्यं वय वाढलं म्हणून येत नाहीत. पुरेशा पाळ्या आणि योग्य वेळी एखादी खूण मिळाली तरच ती पक्की होतात. सातवीतली कितीतरी मुलं आजही उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकतात, ती यामुळेच.

पुस्तकांत या हालचालींना जड नावं आहेत. आपण तीन खणांत ठेवू. जागा बदलण्याच्या: चालणं, पळणं, उड्या, लंगडणं, घोडदौड. जागेवरच्या: वाकणं, वळणं, तोल सांभाळणं, थांबणं. आणि वस्तू हाताळण्याच्या: फेकणं, झेलणं, लाथाडणं, टप्पे देणं. आठवड्याच्या तासांत तिन्ही खणांतलं काही ना काही आलं पाहिजे, एवढंच बघायचं.

सुरुवात थांबण्यापासून

"नुसती पळापळ होते" असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण मुलांना पळता येतं पण थांबता येत नाही. म्हणून पहिला आठवडा फक्त एसटीचा. प्रत्येक मूल एक एसटी, हातात स्टिअरिंग. पहिला गिअर म्हणजे चालायचं, दुसरा म्हणजे झपझप, तिसरा म्हणजे पळायचं. "घाट" म्हटलं की गुडघ्यांत वाकून नागमोडी. "खड्डा" म्हटलं की दोन्ही पायांनी उडी. "रिव्हर्स" म्हटलं की खांद्यावरून मागे बघत उलटं चालायचं, उलटं पळायचं नाही. "ब्रेक" म्हटलं की जागच्या जागी पुतळा. दुसऱ्या एसटीला धक्का लागला तर डेपोत जाऊन, म्हणजे फक्कीने आखलेल्या गोलात, एका पायावर पाचपर्यंत उभं राहायचं आणि पुन्हा रस्त्यावर यायचं.

मुरमाड मैदानावर ब्रेकची गोष्ट नीट शिकवा. मुलं टाच रोवून थांबायला जातात, पाय घसरतो आणि गुडघा सोलवटतो. "गुडघे वाकवा, छोट्या छोट्या तीन पावलांत थांबा" एवढीच खूण द्या. आठवडाभरात मान वर करून पळायची आणि रिकामी जागा शोधायची सवय लागते. ही सवय पुढे कबड्डी-खो-खोपर्यंत उपयोगी पडते.

आपले जुने खेळ, थोडे बदलून

विषामृत मला सर्वांत जवळचा खेळ वाटतो, कारण त्यात बाद होणं मुळातच नाही. राज्य असलेल्याने शिवलं की विष, सवंगड्याने शिवलं की अमृत. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हा प्रश्न किती छान सोडवून ठेवलाय! मी त्यात एवढंच केलं: विष लागलेल्याने बसायचं नाही, बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं. अमृत द्यायचं तर त्याच्याभोवती एक फेरी मारायची. दुसऱ्या आठवड्यात बगळ्याऐवजी पूल: हात-पाय जमिनीवर टेकून कमान करायची आणि अमृत देणाऱ्याने खालून सरपटत जायचं. म्हणजे पळणं, हुलकावणी, तोल आणि सरपटणं सगळं एकाच खेळात येतं. ३८ मुलांत एकाच्या माथी राज्य देऊ नका, चौघांना द्या आणि दर मिनिटाला बदला. एकच मूल राज्य घेऊन दमून रडकुंडीला येतं, ते टळतं.

शिवणापाणीलाही तोच न्याय. ज्याला शिवलं त्याने कडेच्या "दवाखान्यात" जाऊन पाच उड्या मारायच्या आणि परत यायचं. हुलकावणीसाठी शेपटी-पकड घ्या. प्रत्येकाच्या कमरेला मागे एक चिंधी खोचलेली, दुसऱ्यांच्या शेपट्या ओढायच्या, आपली वाचवायची. शेपटी गेली की खोक्यातून नवी घ्यायची. या खेळात वर्गातलं सर्वांत बुजरं मूलही अंग चोरून कसं निसटतं ते बघा.

आता लंगडी. लंगडीत लंगडतो फक्त राज्य असलेला, बाकीचे पळतात. म्हणजे लंगडी शिकवायला लंगडीचा खेळ तसाच घेतला तर एका वेळी एकच मूल लंगडी शिकतं. म्हणून आधी पायऱ्या. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं, नजर समोरच्या एका ठिकाणी रोवलेली. मग हात सोडून. मग जागच्या जागी तीन उड्या. मग फक्कीने आखलेल्या "डबक्यां"वरून. मुलं उचललेला पाय मागे ताठ धरतात किंवा हाताने पकडतात. तो मोकळा सोडून पुढे-मागे झुलवायला सांगा, उडीला त्याचाच रेटा मिळतो. आणि प्रत्येक वेळी दोन्ही पाय. सोयीच्या पायावरच लंगडत राहणं ही या वयातली सर्वांत मोठी खोड आहे. ठिकरीच्या चौकटी कोब्यावर ऑइलपेंटने कायमच्या आखून घ्या. मधल्या सुट्टीत मुली-मुलगे आपणहून खेळतात आणि तासाबाहेर फुकटचा सराव होतो. मग लंगडीचा खेळ घ्या, पाच-सहा लंगडणारे एकदम, आणि तुम्ही "पाय बदल" म्हणालात की सगळ्यांनी पाय बदलायचा.

उडीसाठी एकच खूण पुरते: उतरताना आवाज आला नाही पाहिजे. मी अर्ध्या वर्गाला डोळे मिटून बसवतो आणि अर्ध्याला पायरीवरून उडी मारायला लावतो. ऐकणाऱ्यांनी सांगायचं, मांजर उतरलं की म्हैस. मांजर व्हायचं तर पायाचे पुढचे चवडे आधी टेकून गुडघे वाकवावेच लागतात. वेगळं सांगावं लागत नाही. दोन मिनिटांनी ऐकणाऱ्यांनी उड्या मारायच्या आणि उड्या मारणाऱ्यांनी ऐकायचं.

फेकणं आणि झेलणं, यावर जरा जास्त थांबतो

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथे होतं, आणि मुली यात सर्वांत मागे राहतात, कारण त्यांच्या हातात चेंडूच कमी वेळा येतो.

आधी चेंडू करा. माणशी एक, म्हणजे ३८. जुना मोजा घ्यायचा, त्यात चिंध्या गच्च भरायच्या, तोंड पिळून उलटं करून परत त्याच्यावर चढवायचं आणि सुतळीने आवळायचं. मोसंबीएवढा झाला की मुलाच्या मुठीत नीट बसतो, आणि लागला तरी दुखत नाही. पालकांच्या बैठकीला एक तास हेच काम ठेवा. आमच्याकडे एका दुपारी आज्यांनी पन्नासच्या वर चेंडू करून दिले होते. टेनिसचा चेंडू पहिलीत नकोच. झेलताना डोळे मिटणारं, तोंड फिरवणारं मूल बघितलंत का? त्याला बहुधा कधीतरी कठीण चेंडू तोंडावर लागलेला असतो. त्याची भीती जाईपर्यंत तुमच्या कुठल्याही सूचनेचा उपयोग नाही.

फेकायला शिकवताना आधी नेम नको, जोर हवा. हे ऐकायला उलटं वाटतं. पण मुलासमोर जवळ डबा ठेवून "पाड" म्हटलं की ते अंग आखडतं, मनगटातून चेंडू ढकलतं, पाय हलवतच नाही. त्याच मुलाला पाच-सहा मीटरवरून भिंतीवर "जितक्या जोरात मारता येईल तितक्या जोरात मार" म्हणा. लगेच कंबर वळते, हात मागे जातो, पाय पुढे पडतो. पाय कुठला, हे मात्र शिकवावं लागतं. मी फेकायच्या हाताच्या विरुद्ध पायाला सुतळी बांधतो. उजवा हात तर डाव्या पायाला, डावखुऱ्याच्या उजव्या पायाला. "सुतळीचा पाय पुढे!" बस्स, एवढंच वाक्य. एका दुसरीतल्या मुलाला मी तीन तास "डावा पाय पुढे" सांगत होतो, तो दर वेळी थबकून कुठला डावा ते आठवत बसायचा. सुतळी बांधली, त्याने एकदा पायाकडे बघितलं, फेकलं, आणि चेंडू भिंतीवरून पलीकडे शेतात गेला. त्याला स्वतःलाच विश्वास बसेना. सुतळी तो घरीही तशीच घेऊन गेला.

नेम येतो त्यानंतर, लगोरीत. नेहमीच्या लगोरीत एक फेकतो आणि बाकीचे बघतात. तुम्ही चार-पाचांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाची पाच खापरांची किंवा करवंट्यांची छोटी लगोरी. सगळे गट एकाच दिशेला, भिंतीकडे तोंड करून, आणि शिट्टीशिवाय कुणीही चेंडू आणायला पुढे जायचं नाही. हा एक नियम मोडू देऊ नका. लगोरी पडली की अख्ख्या गटाने भिंतीला हात लावून यायचं आणि मिळून ती रचायची. पाचांतल्या प्रत्येकाने आळीपाळीने फेकायचं. पडली नाही तर पुढच्या वेळी एक पाऊल पुढे येऊन फेकायचं, पडली तर एक पाऊल मागे जायचं. त्यामुळे चांगलं फेकणाऱ्याला आव्हान राहतं, न येणाऱ्यालाही यश मिळतं आणि दोघं एकाच गटात खेळतात.

झेलायला सुरुवात हळू पडणाऱ्या वस्तूने करायची. ओढणीचा तुकडा वर उडवून पकडणं, मग फुगा, मग स्वतःच वर फेकलेला मोज्याचा चेंडू, मग जोडीदाराने खालून दिलेला. सुरुवातीला मूल चेंडू छातीशी कवटाळतं. ते चुकीचं नाही, ती पहिली पायरी आहे. तेव्हा "हातांनीच पकड" म्हणून टोकू नका. "चेंडू हातात येईपर्यंत त्याच्याकडे बघ" एवढंच सांगा. वर उडवून एक टाळी, मग दोन टाळ्या, मग गुडघ्याला हात लावून पकड, असं वाढवत गेलं की मुलं तासन् तास कंटाळत नाहीत.

आधी कौशल्य की आधी खेळ

ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडणी केली की आधी मुलाला झेपेल असा बदललेला खेळ द्यावा, खेळताना त्यालाच गरज भासू द्यावी, मग कौशल्य शिकवावं. त्यांच्यासमोर मोठी मुलं होती, पण तत्त्व आपल्यालाही लागू पडतं. मी सहा-सात वर्षांच्या मुलांशी असं करतो: चार मिनिटं खेळ, शिट्टी, चेंडू पोटाशी, एक खूण, एका मुलाकडून करून दाखवणं, अर्ध्या मिनिटात परत खेळ. एका तासाला एकच खूण. पाय, हात, नजर, गुडघे असं सगळं एकदम सांगितलं की मुलाच्या डोक्यात काहीच राहत नाही.

तुम्हाला पालकांकडून खो-खोबद्दल विचारणा होईलच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. तेव्हापासून गावात पहिलीच्या मुलांचाही संघ काढा म्हणतात. आपल्या मातीतला खेळ जगात गेला याचा मलाही फार आनंद आहे. पण खो-खोत एका वेळी आठ मुलं बसलेली असतात, दिशा आणि खांबाचे नियम सहा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे असतात. पहिली-दुसरीत त्याचे तुकडे घ्या: बसलेल्या मुलांच्या रांगेतून नागमोडी पळणं, बसल्या जागेवरून झटकन उठून पळणं, मागून हलकी थाप देऊन जागा घेणं. चौथीत हे तुकडे जोडायला वेळ लागत नाही.

जी मुलं कडेला उभी राहतात

आपल्याकडे लहानग्याला "कच्चं लिंबू" म्हणून खेळात घ्यायची पद्धत आहे. ती प्रेमाची आहे, मला आवडते. पण वर्षभर कच्चं लिंबू राहिलेल्या मुलाच्या मागे कुणी पळत नाही, त्याला कुणी चेंडू देत नाही. आठवडाभर ठेवा, मग एकेक नियम त्याला लागू करत पक्कं करा. पायात किंवा हातात काही व्यंग असलेलं मूल असेल तर त्याला गुण लिहायला बसवू नका. खेळच सगळ्यांसाठी बदला. आमच्या एका मुलासाठी अख्खा वर्ग विषामृत पळून नाही तर चालत खेळायचा, आणि चालत खेळताना हुलकावणी जास्त चांगली शिकली सगळ्यांनी.

दोन नायक उभे करून "तू माझ्याकडे" असं निवडू देऊ नका. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं, आणि ते त्याच्या लक्षात राहतं. जन्मवारावरून, डब्यातल्या भाजीवरून, कशावरूनही गट करा.

वेळेचं थोडक्यात. पोषण आहारानंतर लगेच खेळाचा तास नको, वेळापत्रकात तो आधी मागून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्यातल्या तासांत ती भरत नाही, म्हणून परिपाठानंतर पाच मिनिटं एसटी घ्या. पावसाळ्यात व्हरांड्यात ओढणी-फुगा, जागेवरचा तोल आणि ठिकरी चालते.

नोंदवहीत "खेळात आवडीने सहभागी होतो" लिहू नका, त्यातून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काही कळत नाही. रोज सहाच मुलं बघा आणि दिसलं ते लिहा: "डाव्या पायावर तीन उड्या, चौथीला टेकतो." "फेकताना विरुद्ध पाय पुढे येतो, कंबर वळत नाही." सात तासांत वर्ग पुरा होतो. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींचं काम त्यातच झालेलं असतं.

आणि एक करा. उद्याच्या तासाला वर्गातलं सर्वांत मागे राहणारं एक मूल मनात निवडा, त्याला कळू देऊ नका. दहा मिनिटं घड्याळ लावून फक्त त्याच्याकडे बघा आणि त्याच्या हाताला चेंडू किती वेळा लागला ते मोजा. मग चेंडू करून झाल्यावर, गट केल्यावर, पंधरा दिवसांनी त्याच मुलाचं परत मोजा. दोन्ही आकडे मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.